पोट आलेली भिंत

सतरा नंबरच्या नकाशावर पिठाचा अंगठा उमटला होता, आणि त्या अंगठ्याच्या बरोबर खाली तिची सही होती. बेकरीच्या मागच्या खोलीतल्या लांबरुंद ओट्यावर धाकट्या बहिणीने ऑफिसातून आलेले नकाशे पसरले होते. कागद पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर काकवीची बरणी, दुसऱ्यावर दालचिनीचा डबा, तिसऱ्यावर लाटणे, आणि चौथा कोपरा स्वतःच्या कोपराखाली दाबून ती उभी होती. "बघ ताई, तुझ्या साहेबांनी केवढं बाड पाठवलंय! आणि जिथे बघावं तिथे तूच. घरात कधी दोन ओळींची चिठ्ठी लिहीत नाहीस, इथे मात्र कागदाला श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीस." थोरली हसली. हसू ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले, कारण तोवर तिची नजर अंगठ्याच्या कडेने सरकत सहीवर, आणि सहीच्या वरच्या बारीक, उजवीकडे कललेल्या, तिच्याच अक्षरातल्या एका ओळीवर जाऊन थांबली होती. 'पश्चिम भिंत : मूळ मोजणीतील चूक दुरुस्त केली.' सहा वर्षांत तिने ही ओळ पाहिली नव्हती. जिना उतरून झाल्यावर अजून एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे, आणि ते पाऊल नुसत्या जमिनीवर आदळावे, तसे काहीसे तिला झाले. माणूस पडत नाही, शेजारच्याला कळतही नाही. फक्त टाचेपासून टाळूपर्यंत एक आवाज जातो आणि तो ज्याचा त्यालाच ऐकू येतो.

शहरातले जुने तारघर आठ वर्षांच्या दुरुस्तीनंतर शनिवारी पुन्हा उघडायचे होते. फीत कापणे, भाषणे, जुन्या यंत्रांचे प्रदर्शन हे सगळे ठरलेलेच होते. पण साहेबांच्या डोक्यातून अशा वेळी एखादी वेगळी कल्पना निघाल्याशिवाय राहत नसे. या वेळी निघाली ती अशी, की आख्खे तारघर आल्याच्या बिस्किटाचे करायचे, टेबलभर, खिडक्यांना साखरेच्या काचा बसवून, छपरावर साखरेची नक्षी घालून. पाहुण्यांनी ते डोळे भरून बघायचे आणि मग फोडून खायचे. 'ड्रॉइंगवाल्या बाईं'ची बहीण बेकरी चालवते हे कुणीतरी सांगितले, आणि काम भिंगरीकडे आले. भिंगरी हे तिचे घरातले नाव. दुसऱ्या वर्षापासून ती एका जागी ठरली नव्हती, आणि आता पंचेचाळिशीतही ओट्यापासून भट्टीपर्यंत ती चालत नसे, फिरत असे. "आठ वर्षं भिंती मोजल्यात, आता चार दिवस बिस्किटं मोजा," असे म्हणून साहेबांनी थोरलीला पुठ्ठ्याचे साचे कापून द्यायला मोकळे केले होते. सगळे हसले होते. तीही हसली होती. तिच्या हसण्याचा एक गुण असा होता, की ते दुसऱ्याच्या हसण्यात पाणी मिसळावे तसे मिसळून जाई. नंतर ते वेगळे काढून दाखवता येत नसे.

"एकाला तीस," भिंगरी म्हणाली. "म्हणजे लांबी एकशे दहा सेंटीमीटर आणि उंची तीस. बरोबर ना? हे बघ, आता एकदाच सांगते. मला रेघ न् रेघ सरळ पाहिजे. तुला वाटतं बिस्कीट म्हणजे बिस्कीट. तसं नसतं. ते फुगतं, पसरतं, रुसून बसतं. तू विटेला सांगितलंस इथे बस, तर ती बसते. हे नाही बसत." "वीटही नेहमी बसतेच असं नाही," ती म्हणाली. खरे तर ते वाक्य पुढच्या वाक्यासाठी टाकलेले पाऊल होते. पश्चिमेची भिंत मुळात सरळ नव्हती, तिला पोट होते, ते आपण करू या का, असे ती म्हणणार होती. शब्द जिभेवर येऊन, चपला घालून तयार होते. पण भिंगरीने वाक्य पुरे होऊ दिले तर ती भिंगरी कसली! "ते तुमचं बरं असतं गं. तुमची भिंत वाकडी असली की तिला जुनी म्हणतात, चार लोक येऊन फोटो काढतात. आमची वाकडी झाली की म्हणतात, बाईचा हात वाकडा. शनिवारी माझ्या नावाचं कार्ड ठेवणार आहेत तिथे, टेबलावर. शहरातली निम्मी मोठी माणसं येणार. सोळा वर्षं मी पाव आणि खारी विकतेय ताई. पहिल्यांदा कुणीतरी माझं काम उभं राहून बघणार आहे." तिने शब्दांच्या चपला पुन्हा काढून ठेवल्या आणि पुठ्ठा पुढे ओढला.

पट्टी लावताना तिच्या बोटांना मात्र आपोआप दुसरीच भिंत आठवत होती. मोजणीच्या पहिल्या वर्षी ती रोज सकाळी सातला तारघराच्या पश्चिमेला जाऊन उभी राही, कारण त्या वेळी वारा नसे. छपराच्या कडेवर म्हातारा गवंडी पालथा पडून ओळंब्याची दोरी खाली सोडी, आणि खाली ती ओळंब्याचा लंगर तेलाच्या बादलीत बुडवून तो स्थिर होण्याची वाट बघत बसे. तेल जाड असते. त्यात लंगराची चुळबूळ हळूहळू मरत जाई, आणि मग एक क्षण असा येई, की ती दोरी दोरी राहत नसे, हवेत ओढलेली नुसती रेघ होई. पृथ्वीने स्वतःच्या हाताने काढलेली रेघ! तिच्यापुढे भिंत उभी असे, नऊ मीटर उंच, आणि आपण सरळ आहोत असा कसलाही दावा न करता ती मध्यावर शांतपणे पुढे आलेली असे. दर अर्ध्या मीटरला पट्टी आडवी धरून ती दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर वाची आणि वहीत उतरवी. सर्वांत जास्त फुगवटा तेवीस सेंटीमीटरचा, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या जरा खाली. तिने तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले. तिन्ही वेळा तेवीस. "पोट आलंय हो ताई भिंतीला," गवंडी वरून ओरडे, "पण घाबरायचं काम नाही. दिवस भरलेले नाहीत. शंभर वर्षं अशीच राहील ही, बाळंत काही व्हायची नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसे. दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन छपरावरून उतरून भिंतीला चाटून जाई, आणि त्या फुगवट्याखाली चंद्रकोरीसारखी एक सावली धरे. ती अर्धा तास टिके. सरळ भिंतीला अशी सावली नसते. सरळ भिंतीवर ऊन एक तर असते किंवा नसते.

त्याच भिंतीला टेकून ती एकदा, नऊ-दहा वर्षांची असताना, बराच वेळ उभी होती. आजोबा गेल्याची तार करायला वडील आत गेले होते, आणि बाहेर तिच्या कडेवर भिंगरी होती, दोन वर्षांची, अंगाने जड, नाक वाहते. आत वडील मजकूर लिहून पुन्हा पुन्हा शब्द कमी करत होते, हे तिला खिडकीतून दिसत होते. प्रत्येक वेळी एक शब्द खोडत, कागदाकडे बघत, आणि पुन्हा एक खोडत. त्यांच्या घराण्यात दुःखाची रीतच ती होती. हात भरून आले तेव्हा ती मागे टेकली, आणि भिंत तिच्या पाठीला अपेक्षेपेक्षा थोडी आधीच लागली. दगड होता, पण कुणीतरी अर्धे पाऊल पुढे येऊन आधार द्यावा तसा लागला. हे तिने पुढे कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात होते तरी काय? मोजणीच्या वेळी वहीत 'तेवीस' लिहिताना मात्र तिला वाटले होते, की ही गोष्ट आपल्या पाठीला पस्तीस वर्षे माहीत होती. फक्त आकडा आज कळला.

सहीचा दिवस तिला तसा स्वच्छ आठवत होता. म्हणूनच तो तिला आवडत नव्हता. साहेबांनी तिला आत बोलावून बसायला सांगितले, चहा मागवला, आणि इतक्या मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली, की तिला आधी वाटले यांच्या घरी कुणी आजारी आहे. भिंत उतरवून नव्याने सरळ बांधणे सोयीचे होते. आतल्या दालनात काचेची कपाटे बसवायची होती, आणि पोट आलेल्या भिंतीला कपाट टेकत नाही. पण समितीचा नियम असा, की जुन्या वास्तूचा मूळ आकार बदलायचा तर वेगळी परवानगी, आणि परवानगीला वर्ष. "आता बघा, मुळात फुगवटा नव्हताच, मोजणीत गफलत झाली, असं असेल तर बदलाचा प्रश्नच येत नाही. तुमच्या कामाबद्दल शंका नाही हं मला. तुमच्यासारखी मोजणी कुणी करत नाही. म्हणून तर तुमच्याच अक्षरात पाहिजे." ते ओरडले असते तर ती नाही म्हणाली असती, याची तिला आजही खात्री होती. त्यांनी धमकी दिली असती, वर्षाचा हिशेब मांडला असता, तरी तिला कुठेतरी पाय रोवता आला असता. पण त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली, आणि 'चहा गार होतोय' म्हणाले. चहा गार होत होता. तिने पेन उघडले. इतकेच झाले. माणसाच्या आयुष्यातली सगळ्यांत नामुष्कीची गोष्ट एवढी बिनआवाजाची असते, हे कुणी तिला आधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने तिला पायाडाखाली गाठले. "ओळंबा चुकला म्हणे?" तो म्हणाला. त्याने खिशातून लंगर काढला, तळहातावर धरला, त्याच्याकडे बघितले, तिच्याकडे बघितले. "बरं बरं. चुकत असेल. नवीन पद्धतीचं मला कळत नाही, मॅडम." आदल्या दिवसापर्यंत तो तिला ताई म्हणत होता. त्यानंतर काम संपून तो दुसऱ्या गावी जाईपर्यंत ती मॅडमच राहिली. भिंत उतरवायला नऊ दिवस लागले. दगडांवर नंबर टाकले नाहीत, कारण मुळातच चुकीच्या असलेल्या भिंतीचा क्रम कशाला लक्षात ठेवायचा? नवी भिंत अप्रतिम सरळ झाली. ती तिच्यासमोरून रोज जाई, आणि रोज तिला वाटे, की भिंत तिच्याकडे नव्या दातांनी हसते आहे.

बुधवारी भिंगरीने पीठ मळले. काकवी, लोणी, आले, दालचिनी, लवंग. खोलीला असा वास सुटला, की रस्त्यावरून जाणारी माणसे दारात रेंगाळू लागली. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून भिंगरी त्यांच्यावरून लाटणे फिरवी, म्हणजे पोळी सगळीकडे सारख्या जाडीची होई. मग तिच्यावर साचा ठेवून पातळ सुरीने भिंती कापी. तिच्या हातांकडे बघताना थोरलीला प्रथमच जाणवले, की या हातांनाही एक ओळंबा आहे. भट्टीतून तुकडा निघाला की तो गरम आहे तोवरच साचा पुन्हा लावून फुगलेल्या कडा छाटायच्या, कारण दोन मिनिटांनी तो कडक होतो आणि मग ऐकत नाही. "गरम असताना काय हवं ते करून घ्यायचं," भिंगरी म्हणाली, "माणसांचंही तसंच असतं म्हणा. तुझ्या मेहुण्याला मी पहिल्या वर्षीच छाटून घेतलं." "आणि मला?" "तुला? तू भट्टीतून बाहेर आलीस तेव्हाच कडक होतीस गं."

त्या दिवशी थोरलीच्या पिशवीत पत्र्याचा एक तुकडा होता. आदल्या संध्याकाळी घरी बसून, जुनी वही काढून, दर अर्ध्या मीटरच्या आकड्याला तिसाने भागून तिने तो बोटांनी वाकवला होता. सर्वांत जास्त जागी पाऊण सेंटीमीटरहून केसभर अधिक. तो आपण वापरणार आहोत असे तिने स्वतःशी कबूल केले नव्हते. नुसता करून बघितला, एवढेच. पण पश्चिमेची भिंत भट्टीतून बाहेर आली आणि त्याच वेळी पुढच्या दुकानात कुणीतरी वाढदिवसाच्या केकवरचे अक्षर चुकले म्हणून भांडायला उभे राहिले. भिंगरी पदर खोचून बाहेर गेली. "बघते जरा. हात लावू नकोस, पोळेल." तिने हात लावला. पोळला. सात खिडक्यांची ती तपकिरी, लवचीक, वाफाळती भिंत तिने उचलून पत्र्यावर निजवली, आणि ती भिंत, कुणाला काहीही न विचारता, झोपेत कूस वळावी तशी पत्र्याच्या वळणावर बसली. दोन मिनिटे. बाहेरून भिंगरीचा आवाज येत होता, "अहो, 'चिरंजीव'मधला अनुस्वार खाल्ला तर मुलगा काही कमी जगत नाही!" आत तिच्या बोटांखाली बिस्कीट कडक होत होते, आणि सहा वर्षांत झाले नव्हते ते झाले, तिला भूक लागली. तिने पत्रा पिशवीत टाकला, भिंत बाकीच्यांच्या मागे वाळत ठेवली, आणि फोड आलेले बोट तोंडात धरून ती उभी राहिली. बोटाला आल्याची चव होती. आज सांगू, तिने ठरवले. मग, उद्या सांगू.

शुक्रवारी दुपारी भिंती उभ्या करायला घेतल्या. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून केलेला गिलावा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला होता; उघडा राहिला तर त्यावर साय धरते. भिंगरीने पूर्व उभी केली, दक्षिण उभी केली, आधाराला डबे लावले, आणि पश्चिमेची भिंत उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली. "अगं बाई! हिचं पोट बघ!" मग एकदम गप्प झाली. भिंगरी गप्प झाली की खोलीतल्या वस्तू मोठ्या दिसू लागत. तिने भिंत ओट्यावर ठेवली, बोटाने दाबून बघितली, किसणी घेऊन एका कडेवर दोनदा हलकी घासली आणि सोडून दिले. "किसून काढायला गेले तर मध्येच भोक पडेल. नवी भाजली तरी वाळायला दोन दिवस पाहिजेत." ती एका पालथ्या डब्यावर बसली. "भट्टी खालून जास्त तापली असणार. का वाळत ठेवताना खाली नीट बघितलं नाही मी? सोळा वर्षं झाली गं मला, सोळा. आणि नेमकं आज!" हीच वेळ होती. खोलीत दोघीच होत्या, गिलावा झाकलेला होता, बाहेर गिऱ्हाईक नव्हते. थोरलीच्या डोळ्यांसमोर वाक्य पुरे, स्वच्छ, एखाद्या पाटीवर लिहावे तसे उभे होते. ती म्हणाली, "दिसणार नाही गं. ती बाजू खिडकीकडे करू." आणि ती हे म्हणाली त्या आवाजातला मऊपणा तिला ओळखीचा वाटला. तो कुणाचा, हे कळल्यावर तिने ओट्याची कड घट्ट धरली.

खिडकीकडची बाजू! आठ वर्षे ज्या इमारतीतला प्रकाश तिने तासातासाने टिपून ठेवला होता, तिथे खिडकीकडे काय होते हे तिला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? शनिवारी, भाषणे संपून पाहुणे मधल्या दालनात आले तेव्हा ऊन उंच खिडक्यांतून तिरपे उतरून थेट टेबलावर पडले होते, आणि बिस्किटाच्या पश्चिम भिंतीवर, सात साखरेच्या काचांच्या खाली, बोटभर लांबीची एक चंद्रकोर सावली उमटली होती. ती बघत राहिली. आजूबाजूला चहाचे कप वाजत होते, फोटो निघत होते, भिंगरी नव्या साडीत, कार्डाच्या शेजारी, हात कुठे ठेवावेत हे न कळून उभी होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खरी भिंत परत आलेली होती. चार मिनिटे असेल, किंवा पाच.

"पण या बाजूने इमारत जेवून आलेली दिसते!" कुणीतरी जाडसर गृहस्थ म्हणाले. हशा पिकला. लोक वळसा घालून पश्चिमेला जमू लागले. साहेबांनी वाकून बघितले, एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, आणि मग ते सरळ उभे राहून म्हणाले, "बेकरीत भूकंप झालेला दिसतोय. आमची भिंत बाकी ओळंब्यात आहे हं, बाहेर जाऊन खात्री करून घ्या!" आणखी हशा. भिंगरीही हसली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझीच चूक झाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खेळकर आवाजात म्हणाली, "भट्टीने दगा दिला," आणि बोलता बोलता तिने टेबलावरचे आपले कार्ड बोटाने हळूच पालथे केले.

"चूक नाही ती." स्वतःचा आवाज थोरलीला दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून आल्यासारखा वाटला. माना वळल्या. "तेवीस सेंटीमीटर. जुनी भिंत अशीच होती. मी मोजली होती, तीन वेळा. मोजणी बरोबर होती. चूक झाली असं मी लिहिलं, ते खोटं होतं." समोर तिला साहेबांचे डोळे दिसले. त्यांना माहीत होते. त्यांना सगळे नीट, आकड्यानिशी माहीत होते. मग त्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, ते दोन पावले पुढे आले आणि त्यांनी तिच्याकडे हात करून, जणू सभेला तिची ओळख करून द्यावी तसे म्हटले, "बघा! बहीण असावी तर अशी! धाकटीवर बालंट येतंय म्हटल्यावर आमच्या बाईंनी आठ वर्षांची आपली मोजणी पणाला लावली. आणि मोजणीच्या बाबतीत या कुणाचं ऐकत नाहीत बरं का!" टाळ्या पडल्या. मनापासूनच्या, ऊबदार टाळ्या. समितीच्या बाई, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी सतरा नंबरचा नकाशा मंजूर केला होता, जवळ येऊन तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "फार गोड." "नाही, ऐका, खरंच..." ती म्हणाली. "हो हो," बाई म्हणाल्या. कुणीतरी तिच्या हातात सुरी दिली. तिने ती नुसतीच धरून ठेवली. मग कुणीतरी ती काढूनही घेतली. तोवर जाडसर गृहस्थांनी पश्चिमेची भिंत हातानेच मोडली होती, कारण बिघडलेला भाग आधी संपवावा, हे सगळ्यांनाच पटण्यासारखे होते. "चवीला मात्र झकास!" ते म्हणाले. पाच मिनिटांत भिंत नव्हती. पंधरा मिनिटांत तारघर नव्हते.

सगळे पांगल्यावर भिंगरीने तारघराखालची मोठी फळी फडक्याने पुसली. फळी सव्वा मीटर लांब होती. दोघींनी दोन टोके धरून ती आणली होती. "ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो सावकाश होता, "माझ्यासाठी कशाला गं सगळ्यांदेखत खोटं बोललीस? तुझ्या साहेबांसमोर! मला तर रडूच आलं." आणि पुढे होऊन तिने तिला मिठी मारली. तिच्या खांद्याला साखरेचा वास होता. आईच्या तेराव्यानंतर त्यांनी एकमेकींना कधी असे धरले नव्हते. थोरलीने नुसते उभे राहायचे होते. काही बोलायचे नव्हते. न बोलणे तिला येत होते. तिला दुसरे येतच काय होते? त्या मिठीत थोडा वेळ टेकून ती म्हणाली, "भिंगरे, मी खोटं नाही बोलले. आणि तुझी भट्टीही बिघडली नव्हती. भिंत मी वाकवली. बुधवारी. तू दुकानात गेलीस तेव्हा, गरम असताना, पत्र्यावर."

भिंगरी मागे झाली. "म्हणजे माझं बिस्कीट आपोआप वाकलं नव्हतं?" "नाही." "भाजणं बरोबर होतं?" "अगदी बरोबर होतं." भिंगरीचा चेहरा उजळला, अंगावरचा कसलातरी भार कुणी उचलून घ्यावा तसा, एका श्वासात, पूर्ण उजळला. सहा वर्षे थोरलीने हा चेहरा स्वतःसाठी मागितला होता, आणि तो कसा असतो हे तिने आज पाहिले. "तरीच!" भिंगरी म्हणाली. "मी म्हटलंच, माझ्या हातून असं..." आणि इथे ती थांबली. उजेड तसाच राहिला, पण त्याच्या मागून काहीतरी दुसरे चढत आले. "बुधवारी? आणि काल मी त्या डब्यावर बसून रडकुंडीला आले तेव्हा तू तिथेच होतीस. 'दिसणार नाही' म्हणालीस तू मला." "हो." "सगळ्यांसमोर 'माझी चूक' म्हणायला लागलं मला." "मी सांगणार होते." "कधी?" भिंगरीने विचारले. रागाने नाही, खरोखर तारीख हवी असल्यासारखे. तिच्याकडे तारीख नव्हती. "भिंत तशीच होती गं," ती म्हणाली, "तेवढी एकदा..." "असेल. तशीच असेल," भिंगरी म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे असणारच. तेवीस म्हणजे तेवीस. पण ते तू मला सांगायचं होतंस, ताई. मी केली असती. भांडले असते, मग केली असती, आणि वर पाटी लावली असती, की ही भिंत अशीच होती. तेवढं तुला सुचलं नाही?"

तिला ते सुचले नव्हते. विश्वास ठेवणारे माणूस मिळाले होते, एकुलते एक, आणि तेच आता फळीच्या दोन्ही कडा दोन्ही हातांत धरून, ती काखेत मारायचा प्रयत्न करत होते. तिने दुसरे टोक धरायला हात पुढे केला. "राहू दे," भिंगरी म्हणाली, "जमेल मला." फळी तिच्या अंगापेक्षा मोठी होती, एक टोक खांबाला लागले, एक खुर्चीला, आणि दारात पोहोचल्यावर ती चौकटीत आडवी अडकली. थोरली मागे उभी राहून बघत होती. दाराची रुंदी तिला तोंडपाठ होती, फळीची माहीत होती, कोन डोळ्यांसमोर दिसत होता. "उजवीकडे कलती कर," ती म्हणाली. "तशी नाही निघायची. उजवीकडे." भिंगरीने मागे वळून बघितले नाही. तिने फळी डावीकडे कलती केली, आणि ती कुठेही न लागता, अलगद बाहेर निघून गेली.